नावात उरलेले गाव: ब्राझिलमधील ब्रागान्तिनो क्लबच्या मालकीबदलाचे प्रकरण

पुण्याचा तो पुणेकर आणि सातारचा तो सातारकर, तसा पोर्तुगीज भाषेत ब्रागांसाचा रहिवासी तो 'ब्रागान्तिनो'. साओ पाउलो राज्यातील ब्रागांसा पाउलिस्टा या शहरात ८ जानेवारी १९२८ रोजी स्थापन झालेल्या फुटबॉल क्लबने हाच शब्द आपले नाव म्हणून घेतला. 'क्लुबे आत्लेतिको ब्रागान्तिनो' याचा सरळ अर्थ 'ब्रागांसाकरांचा क्लब' असा होतो. पुढे ९० हून अधिक वर्षे हे नाव तसेच राहिले आणि २०२० च्या हंगामापासून त्याच्या आधी एका ऑस्ट्रियन शीतपेय कंपनीचे नाव लागले. आज हा क्लब 'रेड बुल ब्रागान्तिनो' म्हणून ओळखला जातो. एका नावाला दुसरे नाव जोडले गेले, एवढीच ही घटना दिसते, पण तिच्यामागे क्लब नेमका कोणाचा असतो हा प्रश्न उभा आहे. त्याचे उत्तर शोधताना क्लबचा जुना इतिहास बारकाईने पाहावा लागतो, कारण गावाच्या हातून काय गेले हे ठरवण्याआधी गावाच्या हाती काय होते हे ठरवणे भाग आहे.

शहराच्या नावाविषयी थोडे सांगणे योग्य ठरेल. ब्रागांसा हे पोर्तुगालच्या ईशान्येकडील एका प्राचीन शहराचे नाव आहे आणि तेथील राजघराण्याचेही. या घराण्याने पोर्तुगालवर आणि स्वातंत्र्यानंतर ब्राझिलवरही राज्य केले. गोव्यातील वाचकांना हे नाव 'ब्रागांझा' या उच्चाराने घरचेच वाटेल, कारण पणजीची मिनेझिस ब्रागांझा संस्था आणि चांदोर येथील ब्रागांझा घराण्याचा वाडा त्याच नावाची आठवण बाळगून आहेत. ब्राझिलच्या पारा राज्यातही एक ब्रागांसा असल्यामुळे साओ पाउलोतील शहराच्या नावाला 'पाउलिस्टा', म्हणजे साओ पाउलो राज्याचे, हे पद जोडले गेले.

राजधानीच्या सावलीतले शहर

ब्रागांसा पाउलिस्टा हे साओ पाउलो महानगराच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर, मिनास जेराइस राज्याच्या दिशेने जाणाऱ्या फेर्नाओ दियास महामार्गालगत वसलेले शहर आहे. २०२२ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, तर साओ पाउलो शहराची एक कोटी १४ लाखांवर. एकेकाळी कॉफीच्या मळ्यांवर पोसलेला हा डोंगराळ भाग आज ब्राझिलभर ओळखला जातो तो मुख्यतः 'लिंग्विसा', म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजसाठी. हा तपशील येथे केवळ चवीसाठी दिलेला नाही. तो क्लबच्या ओळखीत पुढे येणार आहे.

साओ पाउलो राज्याच्या फुटबॉलमध्ये 'कापिताल' आणि 'इन्तेरिओर', म्हणजे राजधानी आणि आतला मुलूख, ही विभागणी फार जुनी आहे. राज्य अजिंक्यपद स्पर्धा १९०२ पासून खेळली जाते आणि ती ब्राझिलमधील सर्वांत जुनी राज्यस्पर्धा आहे. तिच्या विजेत्यांची यादी पाहिली तर कोरिंथियन्स, पाल्मेइरास आणि साओ पाउलो हे राजधानीतील तीन क्लब आणि बंदरातील सान्तोस यांचीच नावे पुन्हापुन्हा येतात. आतल्या मुलखातील माणसाला राजधानीत 'काइपिरा' म्हटले जाई. आपल्याकडे 'गावठी' या शब्दात जो तुच्छतेचा आणि पुढे अभिमानाचाही सूर मिसळला, तसाच प्रवास या शब्दानेही केला आहे. आतल्या मुलखातील क्लबांच्या वाट्याला बहुधा एकच काम येई. खेळाडू घडवायचा, एखाद्या हंगामात मोठ्या क्लबाला घरच्या मैदानावर जेरीस आणायचे आणि हंगाम संपला की तो खेळाडू त्याच मोठ्या क्लबाला विकायचा.

ब्रागान्तिनोची पहिली सहा दशके या चाकोरीच्याही खालच्या पातळीवर गेली. १९६५ मध्ये राज्याच्या दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून हा काळ्यापांढऱ्या पोशाखातला संघ वरच्या श्रेणीत आला खरा, पण तेथे त्याला टिकता आले नाही. त्यानंतर वरची श्रेणी पुन्हा गाठायला त्याला १९८८ च्या दुसऱ्या श्रेणीच्या विजेतेपदापर्यंत थांबावे लागले. या मधल्या काळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. रविवारी मैदानावर जाणाऱ्यांचा आणि शेजारच्या शहरांशी ईर्षेने खेळणारा हा एक क्लब होता, आणि ब्राझिलमध्ये असे शेकडो क्लब आहेत.

१९८९ ते १९९१: ज्या तीन वर्षांनी क्लबला चेहरा दिला

१९८९ मध्ये ब्रागान्तिनोने राष्ट्रीय 'बी', म्हणजे दुसऱ्या, श्रेणीचे विजेतेपद पटकावले. प्रशिक्षक होते वांदरले लुशेम्बुर्गो. तेव्हा त्यांचे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते. पुढे ते ब्राझिलच्या राष्ट्रीय संघाचे आणि रेआल माद्रिदचे प्रशिक्षक झाले. त्यांच्याच हाताखाली १९९० मध्ये संघाने राज्य अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत धडक मारली आणि समोर आला तो नोवो ओरिझोन्ते या आणखी लहान शहराचा नोवोरिझोन्तिनो. राजधानीच्या तीन क्लबांपैकी किंवा सान्तोसपैकी कोणीही अंतिम फेरीत नव्हते. १९८६ मध्ये लिमेइरा शहराच्या इंतेरनासिओनालने पाल्मेइरासला हरवून आतल्या मुलखात प्रथमच हे अजिंक्यपद नेले होते, पण दोन्ही अंतिम संघ आतल्या मुलखातले असण्याची ही पहिलीच वेळ होती. 'काइपिरा अंतिम सामना' असे त्याचे नाव पडले आणि तेच कायम राहिले.

दोन्ही लढती १-१ अशा बरोबरीत सुटल्या. ब्रागांसातील दुसऱ्या लढतीनंतरच्या जादा वेळेतही गोल झाला नाही आणि आधीच्या फेऱ्यांतील सरस कामगिरीच्या आधारे ब्रागान्तिनो विजेता ठरला. निकालाची ही रीत आज कोणाला रुक्ष वाटेल, पण हंगामभर सातत्य राखणाऱ्या संघाला तिने न्याय दिला असे मला वाटते. लहान शहराच्या संघाविषयी नेहमी म्हटले जाते की एखाद्या दिवशी त्याचे नशीब फळफळते. ब्रागान्तिनोच्या बाबतीत एखादा दिवस नव्हे, तर अख्खा हंगाम त्याच्या बाजूने साक्ष देत होता.

पुढचे वर्ष त्याहून मोठे ठरले. लुशेम्बुर्गो गेले आणि त्यांच्या जागी कार्लोस आल्बेर्तो परेरा आले. ते १९९० च्या विश्वचषकात संयुक्त अरब अमिरातीचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाने १९९१ च्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या उपान्त्य फेरीत फ्लुमिनेन्सेला बाद केले आणि अंतिम फेरीत प्रशिक्षक तेले सान्ताना यांच्या साओ पाउलो संघाशी गाठ पडली. साओ पाउलोच्या मोरुम्बी मैदानावर मारिओ तिलिको याने केलेला एकमेव गोल निर्णायक ठरला आणि ब्रागांसातील दुसरी लढत ०-० अशी सुटली. १८० मिनिटांत एका गोलाचा फरक. ज्या संघाकडून ब्रागान्तिनो हरला, त्याने पुढच्या दोन वर्षांत, १९९२ आणि १९९३ मध्ये, दक्षिण अमेरिकेचा लिबेर्तादोरेस चषक आणि युरोपच्या विजेत्याला हरवून आंतरखंडीय चषकही जिंकला. त्या संघासमोर एवढ्याशा शहराचा क्लब दोन्ही सामन्यांत उभा राहिला, ही गोष्ट उपविजेतेपद या एका शब्दात नीट मावत नाही.

परेरा यांना त्याच वर्षी राष्ट्रीय संघाची जबाबदारी मिळाली आणि १९९४ मध्ये त्यांनी ब्राझिलला २४ वर्षांनंतर विश्वचषक मिळवून दिला. त्या संघाच्या मधल्या फळीत दुंगाच्या जोडीला बचावाचा आधार होता माउरो सिल्वा. तो ब्रागान्तिनोतूनच पुढे आला आणि १९९२ मध्ये स्पेनच्या देपोर्तिव्हो ला कोरुन्यात गेला. पॅसाडिना येथील अंतिम सामन्यात इटलीचा गोलरक्षक पाल्युका याच्या हातून निसटून खांबाला लागलेला आणि पाल्युकाने नंतर कृतज्ञतेने ज्या खांबाला स्पर्श केला तो फटका माउरो सिल्वाचाच होता. ब्रागांसातील जुनी पिढी क्लबचा इतिहास सांगते तेव्हा तिच्यापाशी सांगण्यासारखे खूप काही असते, ते या तीन वर्षांमुळे.

याच काळात संघाला 'लिंग्विसा मेकानिका', म्हणजे यांत्रिक सॉसेज, हे टोपणनाव मिळाले. नेदरलँड्सच्या १९७४ च्या संघाला ब्राझिलमध्ये 'यांत्रिक संत्रे' म्हणत असत, त्याच्याशी गावच्या प्रसिद्ध पदार्थाची सांगड घालून हे नाव तयार झाले होते. क्लबचे 'मासा ब्रूता', म्हणजे रासवट ताकद, असेही एक नाव आहे. ही दोन्ही नावे सरकारी कागदावर कधी उमटली नाहीत, पण लोकांच्या तोंडी ती अजून आहेत. ओळखीचा विचार करताना कागदावरची नावे आणि तोंडावरची नावे वेगळी ठेवली पाहिजेत, कारण विक्रीचा करार फक्त पहिल्या प्रकारच्या नावांचा होऊ शकतो.

आधीचा मालक कोण होता

या प्रकरणाची चर्चा करताना पुष्कळदा एक सोपे चित्र रंगवले जाते. पूर्वी क्लब लोकांचा होता, मग कंपनी आली आणि तिने तो लोकांकडून घेतला. इतिहास या चित्राला पुरेसा आधार देत नाही.

ब्राझिलमधील फुटबॉल क्लब परंपरेने सभासदांच्या, नफा न वाटणाऱ्या संस्था होत्या. क्लबला मंडळ असे, मंडळ अध्यक्ष निवडी आणि कायद्याच्या भाषेत मालक कोणीच नसे. व्यवहारात मात्र लहान शहरातील क्लब बहुधा एखाद्या वजनदार कुटुंबाच्या आधाराने चालत. पैसा तेच उभा करी, खेळाडू तेच आणी आणि महासंघाच्या दारी शब्दही तेच टाकी. ब्रागांसात हे स्थान लेबनीज वंशाच्या आबी शेदिद कुटुंबाकडे होते. नाबी आबी शेदिद हे राज्य विधानसभेचे सदस्य, साओ पाउलो फुटबॉल महासंघाचे माजी अध्यक्ष आणि १९८० च्या दशकात ब्राझिलच्या फुटबॉल महासंघाचे उपाध्यक्ष होते. क्लबच्या सुवर्णकाळामागे त्यांचे वजन होते, आणि त्यांच्यानंतर क्लबची सूत्रे पुढच्या पिढीकडे गेली. नाबी २००६ मध्ये वारले. त्यानंतर १९४० च्या दशकापासून मार्सेलो स्तेफानी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मैदानाला २००९ मध्ये नाबी आबी शेदिद यांचे नाव देण्यात आले.

मैदानाचे हे नामांतर मला या प्रकरणात फार महत्त्वाचे वाटते. कंपनी येण्याच्या दहा वर्षे आधीच गावाच्या मैदानाला ते चालवणाऱ्या घराण्याचे नाव लागले होते, आणि त्यात कोणाला ओळखीवरचे संकट दिसले नाही. ते स्वाभाविकही होते, कारण ते घराणे गावातलेच होते, रस्त्यात भेटणारे होते आणि संघ हरला की त्याला जाब विचारता येत असे. पण कायद्याच्या किंवा पैशाच्या अर्थाने क्लब गावकऱ्यांच्या हाती त्याआधीही नव्हता. गावाकडे होते ते नाव, रंग, आठवणी आणि मैदानावर जाण्याची सवय. २०१९ मध्ये लोकांनी क्लब गमावला असे म्हणण्यापेक्षा एका घराण्याच्या आश्रयाखालून तो एका कंपनीच्या मालकीत गेला, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

घराण्याच्या आश्रयाच्या मर्यादाही या क्लबने भोगल्या. १९९६ मध्ये संघ राष्ट्रीय पहिल्या श्रेणीतून खाली जाण्याच्या स्थानी राहिला, पण पंचांच्या नेमणुकीसंबंधीच्या एका घोटाळ्यामुळे त्या वर्षीची घसरण रद्द झाली आणि फ्लुमिनेन्सेबरोबर ब्रागान्तिनोही वाचला. १९९८ मध्ये मात्र तो खाली गेला आणि पुढे तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला. २००७ मध्ये 'सी' श्रेणीचे विजेतेपद मिळवून तो 'बी' श्रेणीत परतला, २०१६ मध्ये पुन्हा खाली गेला आणि २०१८ मध्ये पुन्हा वर आला. या चढउतारांमागे गुणवत्तेपेक्षा पैशाचे कारण अधिक होते. दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा वरच्या श्रेणीत एकवटत गेला तसा एका कुटुंबाच्या बळावर वरच्या श्रेणीत टिकून राहणे अशक्यप्राय झाले.

२०१९: दोन गरजांची गाठ

रेड बुल कंपनी ब्राझिलमध्ये २००७ पासून होती. तिने कांपिनास शहरात 'रेड बुल ब्राझिल' हा स्वतःचा क्लब कोऱ्या पाटीवर सुरू केला आणि एकेक पायरी चढवत तो २०१५ पर्यंत साओ पाउलो राज्याच्या पहिल्या श्रेणीत नेला. २०१९ च्या राज्यस्पर्धेत साखळी फेरीत त्या संघाची कामगिरी सर्वांत सरस होती, पण उपान्त्यपूर्व फेरीत सान्तोसने त्याला बाद केले. राज्यस्पर्धेत एवढी मजल मारूनही राष्ट्रीय उतरंडीत तो 'डी' या सर्वांत खालच्या श्रेणीपलीकडे सरकत नव्हता. पहिल्या श्रेणीत पोहोचायला त्याला तीन बढत्या मिळवाव्या लागल्या असत्या आणि त्यातली प्रत्येक बढती बाद पद्धतीच्या एखाद्या वाईट संध्याकाळी निसटू शकत होती. शिवाय कांपिनासमध्ये ग्वारानी आणि पोन्ते प्रेता हे शंभरीचे दोन क्लब असताना या नव्या क्लबाला स्वतःचा प्रेक्षक असा मिळाला नव्हता. ग्वारानी तर १९७८ चा राष्ट्रीय विजेता. कंपनीला संघ बांधता आला होता, गाव बांधता आले नव्हते.

दुसरीकडे ब्रागान्तिनोकडे 'बी' श्रेणीतील जागा होती, गाव होते, इतिहास होता, आणि पैसा नव्हता. २०१९ च्या पूर्वार्धात दोघांमध्ये करार झाला. तो सुमारे साडेचार कोटी रिआलचा असल्याच्या बातम्या ब्राझिलियन वृत्तपत्रांनी दिल्या. कांपिनासचे प्रशिक्षक अंतोनिओ कार्लोस झागो आणि तिथले प्रमुख खेळाडू ब्रागांसात आले. त्या हंगामात संघ जुन्या नावानेच खेळला आणि ७५ गुण मिळवून 'बी' श्रेणीचा विजेता ठरला. १९९८ नंतर प्रथमच ब्रागान्तिनो पहिल्या श्रेणीत परतला होता, आणि तो परतला त्याच क्षणी त्याचे नाव, चिन्ह आणि रंग बदलण्याची तयारी पूर्ण झाली होती.

नवे चिन्ह कंपनीच्या इतर संघांच्या चिन्हांसारखे झाले. लाल बैल, पिवळी तबकडी, आणि खाली 'ब्रागान्तिनो' ही अक्षरे. मुख्य पोशाख पांढरा आणि लाल झाला. काळा रंग दुय्यम पोशाखात गेला. पूर्वी सिंह हे क्लबचे प्रतीक होते. आता त्याची जागा बैलाने घेतली. स्थापनेची तारीख मात्र १९२८ चीच राहिली, आणि १९९० चे अजिंक्यपद व १९९१ चे उपविजेतेपदही याच क्लबच्या नोंदीत राहिले. कंपनीने इतिहास पुसला नाही. तिच्या दृष्टीने इतिहास हीच तर खरेदीची मुख्य वस्तू होती, कारण कांपिनासमध्ये बारा वर्षे खर्च करूनही तिला तोच उभा करता आला नव्हता.

साल्झबर्ग, लाइपझिग आणि ब्रागांसा

या कंपनीने असे बदल इतरत्र केले तेव्हा काय घडले, हे पाहिल्याशिवाय ब्रागांसातील शांतता समजत नाही. २००५ मध्ये तिने ऑस्ट्रियातील १९३३ साली स्थापन झालेला साल्झबर्गचा क्लब घेतला आणि त्याचा जांभळा-पांढरा रंग काढून लाल-पांढरा आणला. निष्ठावंत प्रेक्षकांनी जांभळा रंग निदान अंशतः राखावा म्हणून विनवण्या केल्या, त्या फोल ठरल्यावर त्यांनी जुन्या नावाचा आणि जुन्या रंगाचा वेगळा क्लब सर्वांत खालच्या श्रेणीतून सुरू केला. २००९ मध्ये जर्मनीत लाइपझिगजवळच्या एका लहान क्लबाची खेळण्याची परवानगी विकत घेऊन नवा संघ उभारला गेला. तेथे क्लबच्या नावात प्रायोजकाचे नाव चालत नसल्यामुळे 'आर. बी.' या अक्षरांचा अर्थ 'हिरवळीवरचा चेंडूखेळ' असा जुळवण्यात आला. जर्मनीतील प्रेक्षकांचा त्या संघावरचा रोष अजूनही पूर्णपणे शमलेला नाही.

ब्रागांसात फुटून निघालेला क्लब उभा राहिला नाही. याची कारणे माझ्या मते तीन आहेत, आणि ती सारख्या वजनाची नाहीत. एक म्हणजे कंपनीने साल्झबर्गमधून काही धडा घेतला असावा. गावाचे नाव राहिले, आणि काळा रंग हद्दपार न होता मागच्या दारी का होईना, राहिला. दुसरे कारण असे की दीर्घकाळ खालच्या श्रेणींत घुटमळलेल्या क्लबच्या प्रेक्षकाला रंगापेक्षा पहिल्या श्रेणीचे आकर्षण मोठे वाटले, आणि त्यासाठी त्याला दोष देता येत नाही. कोरिंथियन्सचा किंवा फ्लामेंगोचा संघ आपल्या गावात दरवर्षी खेळायला यावा, ही इच्छा लहान शहरात किती खोल असते, हे राजधानीत राहून कळणे कठीण आहे.

तिसरे कारण सर्वांत वजनदार आहे. साल्झबर्गच्या प्रेक्षकांची समजूत अशी होती की क्लब आपला आहे आणि तो आपल्याकडून घेतला गेला. ब्रागांसाच्या प्रेक्षकाला क्लब चालवणारा कोणीतरी वरचा माणूस असतो, याची तीन दशकांची सवय होती. आश्रयदाता बदलला, आश्रयाची रीत तीच राहिली. विरोध उभा राहायला आधी हक्काची जाणीव असावी लागते आणि ती जाणीव येथे भावनेपुरती होती, कारभारात तिला कधीच जागा मिळाली नव्हती.

या व्यवहाराचे कायदेशीर महत्त्वही नोंदवले पाहिजे. ब्राझिलमध्ये क्लबांना फुटबॉलपुरती भागभांडवली कंपनी होण्याचा मार्ग मोकळा करणारा १४१९३ क्रमांकाचा कायदा ऑगस्ट २०२१ मध्ये आला आणि त्याच्या आधारे क्रुझेइरो, बोताफोगो आणि वास्को द गामा या मोठ्या क्लबांचे फुटबॉल विभाग गुंतवणूकदारांकडे गेले. ब्रागांसाचा व्यवहार त्याच्या दोन वर्षे आधीचा. मोठ्या क्लबांच्या बाबतीत देशभर जी चर्चा झाली, ती ब्रागांसाच्या वेळी जवळजवळ झाली नाही. लहान शहराचे प्रकरण म्हणून तिकडे दुर्लक्ष झाले, याची खंत वाटते.

यश आणि त्याची किंमत

खेळाच्या अंगाने पाहिल्यास कंपनीचा काळ निर्विवाद यशाचा आहे. पहिल्याच हंगामात, २०२० मध्ये, क्लाउदिन्यो याने १८ गोल करून राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मान साओ पाउलोच्या लुसिआनोबरोबर वाटून घेतला. तो पुढच्या वर्षी तोक्योत ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होता आणि त्यानंतर रशियाच्या झेनितला विकला गेला. मौरिसिओ बार्बिएरी यांच्या प्रशिक्षणाखाली २०२१ मध्ये संघ सुदामेरिकाना, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दुसऱ्या क्रमांकाच्या, चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. २० नोव्हेंबर रोजी मोंतेविदेओच्या सेन्तेनारिओ मैदानावर अ‍ॅथलेटिको पारानाएन्सेच्या निकाओं याने हवेत झेपावून मारलेल्या एका फटक्याने तो ०-१ असा हरला. राष्ट्रीय स्पर्धेत त्या वर्षी सहावा क्रमांक मिळाला आणि २०२२ मध्ये क्लब प्रथमच लिबेर्तादोरेस चषकात खेळला.

मोंतेविदेओच्या त्या सामन्याने १९९१ ची आठवण होणे अपरिहार्य होते. पुन्हा अंतिम फेरी आणि पुन्हा एका गोलाची हार. पण दोन्ही संघ शेजारी ठेवले की फरक दिसतो. १९९१ चा संघ राजधानीने दुर्लक्षिलेल्या खेळाडूंमधून बांधला होता आणि त्यातून बाहेर पडलेला माणूस आपल्या वाटेने मोठा झाला. २०२१ चा संघ तरुण खेळाडू हेरून, घडवून, युरोपला विकण्याच्या एका जागतिक पद्धतीचा भाग होता. त्याच पद्धतीत साल्झबर्ग, लाइपझिग आणि न्यूयॉर्कही आहेत. आतल्या मुलखातील क्लबाचे जुने काम, खेळाडू घडवून वर पाठवण्याचे, बदलले नाही. फक्त वरचे टोक साओ पाउलोहून युरोपला गेले.

गावाशी असलेले अंतरही थोडेथोडे वाढते आहे, असे माझे निरीक्षण आहे. संघाचे नवे सराव केंद्र शेजारच्या आतिबाया शहरात आहे. नाबी आबी शेदिद मैदानाच्या जागी नवे मैदान उभारण्याच्या योजनेमुळे २०२५ पासून संघ शहरातीलच सिसेरो दि सोउझा मार्केस या पालिकेच्या मैदानावर खेळू लागला. ज्या मैदानावर १९९० चा जादा वेळ गोलाविना संपला आणि १९९१ मध्ये तेले सान्तानांच्या संघाला ०-० वर रोखले गेले, ती जागा इतिहासाचा सर्वांत ठोस पुरावा होती. चिन्ह बदलले तेव्हा जे हळहळले नाहीत, त्यांनाही सवयीची पायरी आणि सवयीचा कोपरा गेल्याचे जाणवेल. नव्या मैदानात १९९० आणि १९९१ या दोन वर्षांना ठळक जागा मिळावी, ही मागणी भावनेची आहे तशीच न्यायाचीही आहे, कारण कंपनीने जो इतिहास विकत घेतला त्याची किंमत या वर्षांमुळेच होती.

एक कसोटी मात्र अजून लागलेली नाही. कंपनीच्या मालकीत संघ राष्ट्रीय पहिल्या श्रेणीतून एकदाही खाली गेलेला नाही. २०२४ मध्ये तो कड्याच्या टोकापर्यंत गेला होता, आणि शेवटच्या फेरीत क्रिसिउमाला ५-१ असे हरवल्यानंतरच वाचला. गावाने १९९८ ची घसरण पाहिली आहे, त्यानंतरची तिसरी श्रेणी पाहिली आहे, रिकाम्या बाकांवर बसून 'मासा ब्रूता' म्हणून ओरडलेही आहे. कंपनीने यातले काहीच अजून पाहिलेले नाही.